झेल्डाच्या निर्मात्यांना खुलं पत्र: कालक्रमाचा तक्ता नको, पुरावे द्या

आदरणीय एइजी आओनुमा, हिदेमारो फुजिबायाशी आणि 'द लीजंड ऑफ झेल्डा' ही व्हिडिओ गेमची मालिका घडवणारे क्योतोतील निन्टेन्डोचे सर्व निर्माते, यांना

स. न. वि. वि.

२०२४ साली सिडनीत भरलेल्या निन्टेन्डो लाइव्ह या चाहत्यांच्या मेळाव्यात तुम्ही झेल्डा मालिकेच्या कालक्रमाचा तक्ता लावला होता. 'स्कायवर्ड सोर्ड'पासून निघालेली रेघ 'ओकरिना ऑफ टाइम'पाशी येऊन तीन फाट्यांत फुटते, हे त्यात नेहमीसारखंच होतं. पण 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' आणि 'टिअर्स ऑफ द किंगडम' हे दोन खेळ त्या रेघेला कुठेही न जोडता बाजूला, वेगळे ठेवले होते. त्या तक्त्याचे फोटो जगभर फिरले आणि बऱ्याच जणांनी विषय संपला असं मानलं. हे दोन खेळ कोणत्या फाट्यावर येतात यावर २०१७ पासून चाललेला वाद एका तक्त्याने निकालात निघाला, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही, म्हणून हे पत्र.

माझी मागणी आधीच सांगतो. कालक्रम बाहेरून ठरवून देऊ नका. पुरावा खेळाच्या आत ठेवा आणि एकदा ठेवलेला पुरावा वाऱ्यावर सोडू नका.

मी हे खेळ इंग्रजीत खेळतो, पण त्यांच्यावरचे वाद मराठीतच घालतो. माझ्यासारखे आणखीही आहेत. त्यांनाही वाचता यावं म्हणून पत्र मराठीत लिहितो आहे. ज्यांनी झेल्डा खेळलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की नायक लिंक, राजकन्या झेल्डा आणि खलनायक गॅनन ही नावं जवळजवळ प्रत्येक खेळात येतात, पण माणसं बहुधा वेगळी असतात. शतकं उलटतात, हायरूलचं राज्य बुडतं, पुन्हा उभं राहतं, आणि त्याच नावाचा नवा मुलगा तलवार उचलतो. त्यामुळे कोणता खेळ आधीचा आणि कोणता नंतरचा, हा प्रश्न पहिल्यापासून आहे. १९८६ साली निन्टेन्डोच्या फामिकॉम डिस्क सिस्टिम या यंत्रावर पहिला खेळ आला. १९८७ च्या दुसऱ्या खेळासोबतच्या पुस्तिकेत झोपेत अडकलेल्या एका प्राचीन झेल्डाची गोष्ट होती. तिची आठवण म्हणून राजघराण्यातल्या प्रत्येक मुलीचं नाव झेल्डाच ठेवायचं, असा दंडक तिथे घालून दिलेला होता. हा या मालिकेतला कालक्रमाचा पहिला दुवा.

पुढे १९९१ मध्ये 'अ लिंक टू द पास्ट' आला. त्याच्या इंग्रजी खोक्यावर लिहिलं होतं की ही आधीच्या खेळांतल्या लिंक आणि झेल्डाच्या पूर्वजांची गोष्ट आहे. पण १९९८ मध्ये, 'ओकरिना' येण्याच्या सुमारास, शिगेरु मियामोतो यांनी एका मुलाखतीत वेगळाच क्रम सांगितला: आधी ओकरिना, मग पहिला झेल्डा, मग दुसरा, आणि सगळ्यांत शेवटी 'अ लिंक टू द पास्ट'. खोका एक सांगत होता आणि मालिकेचे जनक दुसरंच. चाहत्यांनी खोक्यावरच्या मजकुराची बाजू घेतली. माझ्या मते ते बरोबर होते, कारण 'ओकरिना'मधला गॅनॉनडॉर्फ (गॅननचंच माणसाचं रूप) आणि 'अ लिंक टू द पास्ट'च्या पुस्तिकेतली बंदिवासाच्या युद्धाची हकिगत एकमेकांशी जुळत होती. सात ऋषी, गॅननला डांबणं, पवित्र भूमीचं भ्रष्ट होणं, हे सगळं दोन्हीकडे होतं.

एक धागा मात्र जुळत नव्हता. पुस्तिकेत म्हटलं आहे की मास्टर सोर्ड ही पवित्र तलवार पेलणारा वीर शोधूनही सापडला नाही, आणि ऋषी गॅननला डांबत असताना त्यांच्यासाठी शूर सरदार लढून मेले. 'ओकरिना'त तर वीर आहे, तलवार आहे आणि विजयही आहे. हा एक धागा कित्येक वर्षं लोकांना छळत होता.

२००२ साली 'द विंड वेकर'च्या वेळी, आओनुमा-सान, तुम्ही सांगितलंत की 'ओकरिना'ला दोन शेवट आहेत. एकात लिंक मोठा असतो, दुसऱ्यात झेल्डा त्याला परत बालपणात पाठवते. मोठ्या लिंकने मागे सोडलेल्या काळात पुढे पूर आला, राज्य समुद्राखाली गेलं, आणि तिथून 'विंड वेकर' घडला. बालपणात परतलेल्या लिंकच्या काळातून 'माजोराज मास्क' आणि नंतर 'ट्वायलाइट प्रिन्सेस' आले. दुभंगलेल्या काळाची कल्पना चाहत्यांनी तुमच्या या वाक्यावर पक्की केली. सगळे खेळ एकाच सरळ रेषेत बसवू पाहणारा गट आणि दुभंग मानणारा गट यांच्यात नंतर वर्षानुवर्षं वाद चालला.

डिसेंबर २०११ मध्ये जपानमध्ये 'हायरूल हिस्टोरिया' प्रसिद्ध झालं आणि त्यात तिसराच फाटा निघाला: शेवटच्या लढाईत लिंक हरला तर काय? त्या फाट्यावर 'अ लिंक टू द पास्ट', त्याच्या मागून येणारे खेळ आणि शेवटी १९८६ व १९८७ चे खेळ बसवले होते. पुष्कळ लोक चिडले. खेळात कुठेच न दिसणारा पराभव तुम्ही कालक्रमात घातलात, असा आक्षेप होता. मला त्यांचा राग समजतो, तरी तो फाटा मला मान्य आहे. न सापडलेला वीर आणि मेलेले सरदार यांना तोच जागा देतो. वीर हरला म्हणूनच तो सापडत नाही. तो तक्ता एका जुन्या, छापील पुराव्याचं ऋण फेडत होता, म्हणून टिकला.

आता ज्या गोष्टीसाठी मी तुमचा कायमचा ऋणी आहे तिच्याबद्दल. २००६ मध्ये 'ट्वायलाइट प्रिन्सेस'मध्ये एक सांगाडा योद्धा भेटतो. गंजलेलं चिलखत, अंगावर वेली, एक डोळा लालसर. तो लिंकला तलवारीचे गुप्त हात शिकवतो, त्याला आपलं लेकरू म्हणतो, आणि शेवटी खंत बोलून दाखवतो की आपल्याला जे येत होतं ते आपण जिवंतपणी कुणाला देऊ शकलो नाही. तो कोण, हे खेळ सांगत नाही. पण त्याच्यापर्यंत पोचायचं तर लांडग्याच्या रूपात दगडांपाशी सूर आळवावे लागतात, आणि त्या सुरांत 'माजोराज मास्क'मधलं साँग ऑफ हीलिंग आहे, 'ओकरिना'मधले सूरही आहेत. साँग ऑफ हीलिंग टर्मिनात, म्हणजे 'माजोराज मास्क'मधल्या परक्या भूमीत, शिकवलं गेलं. तिथे जाऊन आलेला लिंक एकच. तो बालपणात परतला, आणि त्या फाट्यावर हायरूलला त्याच्या पराक्रमाची आठवणच नाही, कारण तिथे तो पराक्रम घडलाच नाही. ज्याला कुणी वीर म्हणून ओळखलं नाही असा वीर. त्याची खंत, त्याचे सूर आणि 'ट्वायलाइट प्रिन्सेस'चं त्याच फाट्यावर असणं, या तीन गोष्टी एकत्र ठेवून चाहत्यांनी तर्क मांडला की हा सांगाडा म्हणजे 'ओकरिना'चा लिंकच. पाच वर्षांनी 'हिस्टोरिया'ने तेच लिहिलं.

हा तर्क पुस्तकाने मान्यता दिली म्हणून खरा ठरला नाही. पुस्तक नसतं तरी तो खरा वाटला असता, कारण तो खोटा ठरू शकत होता. 'ट्वायलाइट प्रिन्सेस' दुसऱ्या फाट्यावर असता, तर तो कोसळला असता. सुरांमध्ये टर्मिनाचं गाणं नसतं, तर लंगडा झाला असता. उलट 'माजोराज मास्क'मध्ये लिंक सुरुवातीलाच मेलेला आहे आणि टर्मिनातले प्रदेश म्हणजे शोकाच्या पायऱ्या आहेत, हा गाजलेला तर्क घ्या. तो ऐकायला सुंदर आहे, पण मला कधी पटला नाही. त्याला खोटं पाडेल असं काही खेळात सापडूच शकत नाही. जे काही सापडेल ते त्याच्यात मावतं.

आमच्याकडे इतिहास लिहिणारे बखर आणि अस्सल कागद यांना वेगवेगळं वजन देतात. बखर घटनेच्या फार नंतर, कुणाच्या तरी सांगण्यावरून लिहिलेली असते, आणि कागद त्या काळातच तयार झालेला असतो. मुलाखती, संकेतस्थळावरचे तक्ते, मोठाली चित्रमय पुस्तकं या तुमच्या बखरी आहेत. त्यांचा मान मी ठेवतो. पण शिलालेख, वस्तूंची वर्णनं, भिंतींवरची चित्रं आणि पात्रांची बोलणी हे हायरूलचे अस्सल कागद. दोन्हींत विसंगती आली तर मी कागदाकडे जाणार.

आणि विसंगती आलेली आहे. २००१ च्या 'ओरॅकल'च्या दोन्ही खेळांचं दिग्दर्शन, फुजिबायाशी-सान, तुम्ही कॅपकॉममध्ये असताना केलंत. दोन्ही खेळ जोडून पुरे केले की लिंक होडीतून समुद्रावर निघून जातो. 'लिंक्स अवेकनिंग' सुरू होतो तो वादळात सापडलेल्या होडीतल्या लिंकपासून. 'हिस्टोरिया'ने 'ओरॅकल' आधी आणि 'अवेकनिंग' नंतर ठेवला होता, आणि तो शेवट आणि ती सुरुवात एकमेकांना बिलगली होती. काही वर्षांनी तुमच्या अधिकृत क्रमात हे उलटलं, 'अवेकनिंग' आधी गेला. कारण कुठे सापडलं नाही. खेळात तर काहीच बदललं नव्हतं. होडी तीच, समुद्र तोच. अशा वेळी तक्त्यावरचा विश्वास उडतो.

'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' तुम्ही पुराव्यांनी गच्च भरलात. मिठाच्या खड्याच्या वर्णनात प्राचीन समुद्र येतो. रिटो ही पक्षीमानवांची जमात आणि कोरॉक हे रानातले चिमुकले जीव दिसतात, आणि ते 'विंड वेकर'चे. झोरा या जलवासी जमातीच्या दगडी लेखांत 'ओकरिना'तल्या राजकन्या रुतोची आठवण आहे. रुता, नाबोरिस, रुदानिया ही दिव्य पशूंची, म्हणजे प्रचंड यंत्रप्राण्यांची, नावं 'ओकरिना'मधल्या ऋषींची आठवण जागवतात, आणि मेडो हे नाव 'विंड वेकर'मधल्या मेडली या रिटो मुलीवरून असावं असं जवळजवळ सगळेच मानतात. दुसरीकडे लिंकच्या नेमणुकीच्या विधीत झेल्डा जे शब्द उच्चारते त्यांत संधिप्रकाशाचा, म्हणजे 'ट्वायलाइट प्रिन्सेस'चाही उल्लेख आहे. एका फाट्यावर पूर आलेला, दुसऱ्यावर संधिप्रकाश, आणि हा खेळ दोघांनाही ओळखतो.

पुराच्या फाट्याविरुद्धचा सगळ्यांत भक्कम पुरावाही तुम्हीच 'विंड वेकर'च्या शेवटी ठेवलेला आहे. मास्टर सोर्ड दगड झालेल्या गॅनॉनडॉर्फच्या कपाळात रुतलेली आणि त्याच्यासकट सगळं राज्य समुद्राच्या तळाशी. राजाने ट्रायफोर्स या इच्छा पुरवणाऱ्या पवित्र वस्तूकडे मागितलंच ते, की जुनं हायरूल वाहून जावं. मग ती तलवार कोरॉकांच्या रानात, ग्रेट डेकू ट्रीच्या पायाशी आली कशी? हा प्रश्न मला फार आवडतो. तो सोडवल्याशिवाय पुराच्या फाट्याचा एकही समर्थक पुढे जाऊ शकत नाही, आणि पुरावा असा आडवा येतो तेव्हाच वादात जीव असतो.

मग २०२३ मध्ये 'टिअर्स ऑफ द किंगडम' आला आणि राउरू व सोनिया या राजाराणीने हायरूलची स्थापना केल्याचा काळ आम्ही पाहिला. एक गट म्हणतो की ही पहिलीच स्थापना, 'स्कायवर्ड सोर्ड'नंतर लगेचची. दुसरा म्हणतो की सगळे जुने खेळ घडून गेले, राज्य मोडलं, आणि राउरूने ते पुन्हा वसवलं. मी दुसऱ्या गटातला आहे आणि त्याचं मुख्य कारण रिटो आहेत. राउरूच्या काळातल्या ऋषींमध्ये वाऱ्याचा ऋषी रिटो आहे. 'विंड वेकर'मध्ये मात्र मेडलीची पूर्वज लारुतो ही झोरा आहे. म्हणजे रिटो झोरांपासून पुढे झालेले, आणि तेही पुरानंतर. स्थापनेच्या दरबारात रिटो उभा असेल, तर ती स्थापना पहिली नसणार. यावर हरकत येते की मग रुतोची आठवण राज्य मोडूनही झोरांच्या दगडावर कशी उरली? माझं उत्तर असं: राज्य हायलियनांचं, म्हणजे हायरूलच्या माणसांचं, मोडलं. झोरांची वस्ती वेगळी, त्यांचं आयुष्य माणसांच्या कितीतरी पट लांब, आणि त्यांचा इतिहास दगडात कोरलेला. ज्यांचं लेखन दगडात आहे त्यांची आठवण इतरांपेक्षा जास्त टिकणारच.

राउरूच्या काळातही एक गॅनॉनडॉर्फ आहे, मग दोन गॅनॉनडॉर्फ कसे, हा प्रश्न मला मोठा वाटत नाही. 'फोर सोर्ड्स अॅडव्हेंचर्स'मध्ये नव्याने जन्मलेला गॅनॉनडॉर्फ तुम्ही आधीच दाखवला आहे.

फुजिबायाशी-सान, २०२३ मधल्या एका मुलाखतीत तुम्ही म्हणालात की स्थापनेच्या आधी एकदा नाश झाल्याचा इतिहास असू शकतो, पण ती एक शक्यता म्हणूनच मांडलीत. मला त्याचा आनंद झाला, कारण माझा तर्क त्या दिशेचा आहे. पण खरं सांगायचं तर मला तो दिलासा नको होता. मला राउरूच्या महालात एक मोडका, त्याच्या काळाहूनही जुना दगड हवा होता. 'ब्रेथ'मधली शेइका जमातीची यंत्रं, दिव्य पशू आणि गार्डियन 'टिअर्स'मध्ये कुठे गेले याचं उत्तरही असंच मुलाखतीत मिळालं: संकट संपल्यावर ते नाहीसे झाले आणि कसे ते कुणालाच कळलं नाही. हे खेळातल्या पुरा नावाच्या शेइका संशोधिकेच्या तोंडून आलं असतं तर? तिने आयुष्य त्या यंत्रांवर घालवलं. तिचं गोंधळून जाणं, एखादी अर्धवट नोंद, एवढंही पुरलं असतं.

माझी खरी तक्रार मात्र राउरूच्या काळातल्या बंदिवासाच्या युद्धाच्या हकिगतीबद्दल आहे. 'टिअर्स ऑफ द किंगडम'मध्ये चार देवळं पार केली की चार प्राचीन ऋषी समोर येतात आणि प्रत्येक जण तीच हकिगत जवळजवळ त्याच शब्दांत सांगतो. पहिल्यांदा अंगावर काटा येतो. चौथ्यांदा बटण दाबून पुढे जावंसं वाटतं. किती मोठी संधी होती ती! रिटो, गोरॉन, झोरा आणि गेरुडो अशा चार जमातींचे चार साक्षीदार होते. शत्रू गेरुडोंच्या राजघराण्यातून आलेला, म्हणून गेरुडो ऋषीने ही गोष्ट लाजेने सांगितली असती. तिने काहीतरी लपवलंही असतं. झोराला जुन्या काळाची आठवण निघाली असती. गोरॉनने लढाईपेक्षा मेलेल्या सोबत्यांची नावं घेतली असती. रिटोने आपले लोक कुठून आले याबद्दल एखादं वाक्य बोलून टाकलं असतं, आणि त्या एका वाक्यावर आम्ही दहा वर्षं वाद घातला असता. चार साक्षी चार ठिकाणी वेगळ्या पडल्या असत्या तर त्यांच्यातून सत्य शोधण्याचं काम खेळाडूवर आलं असतं. २०२५ मध्ये 'एज ऑफ इम्प्रिझनमेंट'मध्ये तुम्ही त्याच युद्धाचा काळ खेळायला दिलात. म्हणजे हे युद्ध तुम्हालाही जवळचं आहे. मग त्याच्या साक्षीही तितक्याच जपून लिहायला हव्या होत्या.

हे तुम्हाला जमत नाही असं मुळीच नाही. त्याच खेळात आकाशातल्या बेटांवरून पडलेल्या शिळा आहेत, राउरूच्या दरबारातल्या व्यक्तीने लिहिलेल्या. त्यांत राजाराणीची माया आहे, परक्या काळातून आलेल्या झेल्डाबद्दलचं कुतूहल आहे, रोजच्या जगण्यातल्या बारीकसारीक गोष्टी आहेत. ज्या व्यक्तीने त्या कोरल्या तिला पुढे काय होणार हे माहीत नव्हतं, आणि म्हणून तिचा शब्द न् शब्द मोलाचा आहे.

आओनुमा-सान, तुम्ही अनेकदा सांगितलं आहे की तुम्ही आधी खेळण्याची पद्धत ठरवता आणि कथा तिच्यामागून येते. चाहत्यांना कल्पना करायला आवडतं, म्हणून सगळं बांधून टाकायचं नाही, हेही तुम्ही म्हणता. 'हिस्टोरिया'तही लिहिलं होतं की हा इतिहास सांगणाऱ्यांबरोबर बदलत जाईल. या तिन्ही गोष्टींना माझी हरकत नाही. आधी खेळ, मग कथा हे योग्यच आहे. मिठाच्या खड्याच्या वर्णनासाठी तुम्हाला खेळ थांबवावा लागला नव्हता. पण कल्पनेला मोकळं रान देणं वेगळं आणि तिच्या पायाखालची जमीन काढून घेणं वेगळं. दोन सर्वांत मोठे खेळ तक्त्यात बाजूला काढले की मीठ, मेडो, रुतो, झेल्डाचे शब्द हे सगळे दुवे नुसते सलाम बनतात, जुन्या खेळांना केलेले. मी त्यांना सलाम म्हणून वाचलं नव्हतं, साक्ष म्हणून वाचलं होतं. तुम्ही ते तसंच लिहिलं होतं, असं मी आजही मानतो.

म्हणून तक्त्यातली ती मोकळी जागा भरा असं मी म्हणणार नाही. 'एकोज ऑफ विझडम' तुम्ही तिसऱ्या फाट्यावर, पहिल्या झेल्डाच्या आधी ठेवलात. ते ठीक आहे, कारण तो खेळ स्वतःच त्या काळाशी बोलतो. 'ब्रेथ' आणि 'टिअर्स'ची जागाही अशीच एखाद्या खेळातून निघू द्या. पुढचं हायरूल कोणत्याही काळातलं असो, त्यात राउरूच्या आधीचा एखादा लेख ठेवा, झोरांच्या भिंतीवर एका राजाचं नाव ठेवा, रिटोंच्या लोकगीतात समुद्राचा एक शब्द ठेवा. तारीख घालू नका. आणि जे आधीच ठेवलं आहे ते नव्या खेळात मोडावं लागलं, तर मोडलंय हे खेळातल्याच कुणाच्या तरी तोंडून कळू द्या. राज्य दुसऱ्यांदा वसवलं हा माझा तर्क त्या लेखाने खोटा पाडला तरी चालेल. मी तो सोडून देईन आणि त्याच दिवशी नवा मांडायला बसेन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
हायरूलचा एक मराठी वाचक